मोहाखालचा कोसाईन

मोह पडायला लागला की मला गणित आठवतं. इतरांना इतर गोष्टी आठवतात. मोहाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्यात आठवणींची टंचाई नाही. पण मार्चच्या सकाळी मागच्या अंगणाच्या बाजूने तो गोड, जड, किंचित आंबूस वास आला की माझ्या डोळ्यांपुढे चार आकडी कोष्टकाचं पान उभं राहतं, कडा तेलकट झालेलं, आणि त्यावरून खाली सरकत जाणारं एक बोट. बोट थांबतं. मग आवाज येतो, "सर, अंशात का रेडियनमध्ये?"

कॉलेज चंद्रपूरपासून फार लांब नव्हतं, पण चंद्रपूरला ते माहीत असेल याची खात्री नव्हती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. देश एकविसाव्या शतकात जाणार असं रोज रेडिओवर ऐकू येई, आणि आमच्या गावातून निघणारी पहिली बस सकाळी सहाची होती. अशात कॉलेजला संगणक मिळाला. एक. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर प्रोग्रॅम साठवायचे, शेजारी करकर आवाज करत आकडे उमटवणारा छपाईचा डबा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणिताच्या मुलांसाठी वैज्ञानिक गणनाचा ऐच्छिक पेपर सुरू झाला आणि तो शिकवायला मी. मी पंधरा दिवसांचं शिबिर करून आलो होतो. पोहण्यावरचं पुस्तक वाचून गोदावरीत उतरावं, तेवढी माझी तयारी होती.

उद्घाटनाला एक मोठे पाहुणे आले. यंत्राला हळदकुंकू लावलं. नारळ बाहेर व्हरांड्यात फोडला, कारण पाणी आत जाऊ नये अशी सूचना मी लेखी दिली होती. पाहुण्यांनी एक कळ दाबायची आणि पडद्यावर स्वागताचा मजकूर यायचा, असं मी बसवलं होतं. पाहुण्यांनी भलतीच कळ दाबली. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, तिचा अर्थ एवढाच, की काहीतरी चुकलं आहे. कडकडून टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणाले, "पाहा, किती वेगाने उत्तर दिलं!" मीही टाळ्या वाजवल्या. आज वाटतं, पुढचं सगळं त्या दिवशीच ठरलं होतं. मी फक्त ती ओळ मनावर घेतली नव्हती.

त्यानंतर यंत्राची खोली देवघर झाली. कॉलेजातलं एकमेव एसी तिथे. प्राचार्य स्वतः कूलरवर भागवत. चपला बाहेर. यंत्रावर लाल मखमली झूल. दारावर प्राचार्यांनी सुंदर अक्षरात पाटी रंगवून घेतली: 'माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही.' किल्ली शिपाई मारोतीभाऊकडे. विद्यार्थी चौदा, आणि यंत्र तापतं म्हणून आठवड्याला तास-सव्वा तासच चालू. प्रत्येकाला पंधरवड्यातून दहा मिनिटं मिळायची, त्यातली चार तर कॅसेट लागण्यातच जायची.

म्हणून आम्हीच यंत्र व्हायचं ठरवलं.

इमारतीच्या पश्चिमेला मोहाचं मोठं झाड होतं. कॉलेज सकाळचं. मार्चमध्ये मोहाला पान नसतं, सगळी फांदी उघडी. सावली इमारतीची आणि फुलं मोहाची. मारोतीभाऊची बायको पहाटेच खालचा पालापाचोळा झाडून फुलं वेचून नेई, तरी आठ वाजेपर्यंत चुकार फुलं टपटप पडतच. त्यांच्यात आम्ही गोल करून बसायचो. एकाच्या मांडीवरच्या कागदावर 'ए', दुसऱ्याच्या 'बी'. ते नुसते डबे, दिलेला आकडा सांभाळायचे. एक जण बेरीज करून दोनाने भागणारा. एक जण फक्त 'जर-तर': मोठा की लहान एवढंच सांगायचं, मत द्यायचं नाही. मी प्रोग्रॅमच्या ओळी एकेक वाचायचो आणि ओळ ज्याची, तो हालचाल करायचा. मी आयुष्यात जेवढं शिकवलं त्यातलं खरं शिकवणं बहुधा तेवढंच. त्याला ना झूल होती ना पाटी.

'ए' होता सत्यम, सिरोंच्याचा. घरी तेलुगू, बाहेर आमची मराठी, आणि दोन्हींत चेष्टा.

"सर, मी तं शून्यच हाव," तो पहिल्या ओळीलाच म्हणायचा, कारण 'ए'त आम्ही शून्य ठेवायचो.

"ते आमाले पहिल्या वर्षापासून मालूम आहे," समोरून उत्तर यायचं.

ते उत्तर सुमनचं. सुमन रामटेके. ती आमचा कोसाईन होती. कोणी आकडा दिला की कोष्टकात बोट फिरवून त्याचा कोसाईन सांगायचा, हे तिचं काम. बल्लारपूरहून पॅसेंजरने यायची. वडील कागद कारखान्यात बांबू उतरवायचे. कारखान्यातून कडा फाटलेले, टाकून दिलेले ताव ते मागून आणत आणि सुमन ते कापून, सुतळीने शिवून आम्हा सगळ्यांना वाटायची. आमच्या यंत्राची सगळी स्मृती त्या पिवळट तावांवर होती.

एकदा वडील तिला काही द्यायला कॉलेजात आले. आम्हाला झाडाखाली गोल बसलेलं पाहून बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "गुरुजी, हे पत्ते तं नाई खेळून राह्यले न?"

मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं असावं, किंवा माझी दया आली असावी. जाताना म्हणाले, "नागपूरले एम.एस्सी.ले जातो म्हनते. समाजाच्या मुलींच्या वसतिगृहात जागा भेटते म्हनते, पन पयल्या खेपेत पास झालेलीलेच. मी सांगून टाकलं तिले. एका फटक्यात निघाली तं नागपूर. नाई तं घर." त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. नियम सांगावा तसं सांगितलं. घरात अजून तिघं शिकणारी होती आणि घरातून नागपूरला जाऊ शकेल अशी ती पहिलीच होती.

आम्ही जी पद्धत शिकत होतो ती सोपी आहे. शेळी हरवली. नाल्याच्या अलीकडे तिच्या लेंड्या दिसल्या, पलीकडच्या टेकडीवर नाहीत. म्हणजे ती मधे कुठेतरी आहे. मधोमध जाऊन हाक मारायची, आवाज कुठून येतो ते पाहायचं आणि अर्धं रान सोडून द्यायचं. उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध पुन्हा हाक. असं करत करत शेळीच्या कानापर्यंत पोचायचं. समीकरणाचं उत्तर असंच शोधतात. जिवतीकडून येणारी पोरं हे ऐकून हसली होती. त्यांनी खऱ्या शेळ्या शोधल्या होत्या आणि अर्धं रान असं सोडून देता येत नाही हे त्यांना माहीत होतं.

आता एक कंटाळवाणी गोष्ट सांगावी लागेल. सगळं तिच्यावरच अडलं आहे. कोन दोन मापांनी मोजतात, अंश आणि रेडियन. जमीन एकरात सांगा की हेक्टरात, जमीन तेवढीच. पण एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात पडला की पोटहिस्सेदार कोर्टात जातात. आमची कोष्टकं अंशात होती. यंत्राला मात्र फक्त रेडियन कळत. फेब्रुवारीभर आम्ही झाडांच्या उंच्या, धुराड्यांच्या सावल्या अशी अंशातली गणितं केली. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला मी एक ओळ घालायला लावली: अंशांचे रेडियन करा, मग पुढे. ती ओळ आम्ही वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहावं तशी लिहायला लागलो. 'श्री' का लिहितो हे कोण विचारतं?

सुमन विचारायची. दर वेळी. "सर, अंशात का रेडियनमध्ये?" तिला विचारावंच लागे, कोष्टकात तिलाच बघायचं असे. मी एकदा वैतागून म्हणालो, "ओळ लिहिली आहे ना वर? मग झालं." तिने कोष्टक मिटलं. सत्यम म्हणाला, "कोसाईन रागावली सर, आता आकडा नाई देनार." सगळे हसले, मीही.

प्रात्यक्षिक परीक्षेचा प्रश्न मीच काढला होता. दिसायला देखणा प्रश्न. अशी कोणती संख्या, जिचा कोसाईन ती स्वतःच असते? शून्य आणि एकच्या मधे शोधा. आदर्श उत्तर मीच यंत्रावर काढलं, छापलं, पाकिटात घातलं, लाखेची मोहोर लावली आणि प्राचार्यांच्या कपाटात ठेवलं. उत्तर: ०.९९९८. छापील कागदावर पायऱ्या होत्या: अर्धा, पाऊण, मग आणखी उजवीकडे, आणखी उजवीकडे. शेळी एकदाही डावीकडे वळली नव्हती. कोणत्याही शेळीने असं केलं असतं तर जिवतीच्या पोरांना संशय आला असता. मला आला नाही. कागद यंत्रातून आला होता आणि गरम होता.

परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. सभ्य माणूस. जेवणात वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, चार वाजताची गाडी असल्याचं तीनदा सांगितलं. दहा-दहा मिनिटांनी एकेक विद्यार्थी चपला काढून आत जाई आणि छापील कागद घेऊन बाहेर येई. तेरा जण झाले. तेरांनी वरती 'श्री'सारखी ती ओळ घातली होती. तेरांचं उत्तर ०.९९९८. परीक्षकांनी दर वेळी पाकिटातल्या कागदाशी ताडून बरोबरची खूण केली. यादीत शेवटची सुमन. ती आत गेली, खुर्चीवर बसली आणि वीज गेली.

आमच्या जिल्ह्यातल्या कोळशावर कुठे कुठे दिवे लागतात याचं वर्णन मी भाषणांतून खूप ऐकलं आहे. त्या दुपारी आमच्याकडे लागले नाहीत. तासभर वाट पाहिली. शेवटी परीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही हातानेच करून दाखवा. पद्धत तीच आहे ना?"

सुमनने होकार दिला. व्हरांड्यात टेबल मांडलं. तिने पिशवीतून कोष्टकं काढली, पिवळट ताव काढले. एकटीच 'ए' झाली, एकटीच 'बी', 'जर-तर'सुद्धा तीच. मी लांबून पाहत होतो. दर पायरीला तिचे ओठ किंचित हलायचे. तिथे गोलातल्या कोणाची तरी पाळी असायची. पाऊण तासाने तिने उत्तर लिहिलं आणि ताव परीक्षकांपुढे ठेवला. ०.७३९१.

परीक्षकांनी पाकिटातला कागद पाहिला, ताव पाहिला. मला जवळ बोलावलं. "सर, ही म्हणते पाऊणच्या जवळ. तुमचं उत्तर जवळजवळ एक. फार अंतर आहे हो."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिली पायरी दोन्हींकडे सारखी: अर्धा. दुसरी: पाऊण. इथे यंत्र उजवीकडे गेलं होतं आणि सुमन डावीकडे. तिने समासात स्वच्छ लिहिलं होतं: पाऊण रेडियन म्हणजे बेचाळीस अंश अठ्ठावन्न मिनिटं, त्याचा कोसाईन ०.७३१७, तो पाऊणपेक्षा लहान, म्हणून डावीकडे. आणि मला दिसलं. प्रश्नातली संख्या नुसती होती, अंश नव्हते, म्हणजे ती आधीच रेडियनमध्ये होती. तिला अंश समजून आम्ही पुन्हा रेडियन केले होते. यंत्राने पाऊण अंशाचा कोसाईन काढला होता. त्याने सांगितलं तेच केलं. सांगितलं मी होतं. माझ्या त्या ओळीने तेरा जण आणि एक यंत्र रान सोडून नदीत गेले होते. एकटी सुमन शेळीजवळ उभी होती.

हे कळायला मला किती वेळ लागला असेल? मोहाचं फूल फांदीवरून खाली येईपर्यंत. तेवढ्या वेळात प्राचार्य आले होते. त्यांनी दोन आकडे पाहिले आणि दारावरची पाटी वाचून दाखवली. खरंच वाचली, बोट करून. "माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही."

परीक्षकांचं पेन उघडं होतं. ते माझ्याकडे पाहत होते. "काय करायचं, सर? विषय तुमचा."

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे करा."

नियम असा, की उत्तर आदर्श उत्तराशी जुळलं पाहिजे. त्यांनी नियमाप्रमाणे केलं. चारची गाडी त्यांना मिळाली.

मी स्वतःला पुढे पुष्कळ समजावलं. तेरा मुलांचे निकाल अडकले असते. पेपर बंद पडला असता. एकीच्या वर्षासमोर तेरांची वर्षं. हिशोब वाईट नाही. पण तेरांची आठवण मला त्या व्हरांड्यात झालीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी, सवडीने सुचली. व्हरांड्यात मला फक्त मखमली झूल दिसली होती, लाखेची मोहोर आणि तिच्यावर माझी सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन आली. मी झाडाखाली एकटाच बसलो होतो. मारोतीभाऊची बायको टोपली भरून निघून गेली होती. सुमन समोर उभी राहिली. निकाल जाहीर व्हायचा होता, पण मारोतीभाऊला सगळं कळत असे आणि मारोतीभाऊकडून सगळ्यांना.

"सर, मी गेली म्हनते प्रॅक्टिकलमधी."

मी फुलं सारून जागा केली, ती बसली नाही.

"मले मार्क वाढवून नको. माह्यं कुठी चुकलं तेवढं सांगा. पाऊणचा कोसाईन मी तीनदा पाह्यला, सर. टेबल खोटं बोलून राह्यलं का?"

"टेबल बरोबर आहे."

"मंग मी काऊन चुकली?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. गणितात एवढंच तर असतं: चूक कुठे आहे ते दाखवता येतं, बोट ठेवून, कोणीही, कोणालाही. हे मीच त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बोट ठेवायची जागा मला माहीत होती. ती माझ्याच छातीवर होती.

मी म्हणालो, "यंत्र करतं तसं करायचं असतं, सुमन."

एक फूल तिच्या खांद्यावर पडलं. तिने ते झटकलं नाही. मला वाटतं, त्याच वेळी तिला कळलं. तिच्यासारख्या मुलीला दुसरी पायरी दोनदा दाखवावी लागत नाही.

"बरं, सर," ती म्हणाली आणि पॅसेंजरची वेळ झाली म्हणून गेली.

आता माझ्या नातीच्या मोबाइलवर हे गणित खेळासारखं होतं. कोणताही आकडा घ्यायचा आणि कोसाईनची कळ दाबत राहायचं. आकडे आधी उड्या मारतात, मग थकतात, मग एका जागी थांबतात. मार्चमध्ये मी कधी कधी ते करतो. मोबाइल मुळात अंशांवर लावलेला असतो, म्हणून तो ०.९९९८ वर थांबतो. रेडियनवर न्यावा लागतो, एक छोटी खूण बदलून. मग ०.७३९०, पुढे आठ, पाच. नात म्हणते, "आजोबा, तुम्ही तेच तेच काय दाबता?" मी सांगतो, तपासून पाहतो आहे.

त्या वर्षीच्या जूनमध्ये मी प्रोग्रॅममधली ती ओळ गुपचूप काढली. नव्या मुलांना बरोबर शिकवलं. अंश आणि रेडियनवर मी असा काही तास घ्यायचो की मुलं घाबरायची. पण नापासांची परीक्षा ऑक्टोबरमध्ये होती आणि तिला तोच प्रश्न आणि तेच पाकीट होतं, प्राचार्यांच्या कपाटातलं, मोहोरबंद. ते बदलायचं तर कारण नमूद करून अर्ज करावा लागणार होता. अर्ज मी तीनदा लिहिला. तिसरा तर शुद्धलेखनासकट उत्तम साधला होता. फाडताना वाईट वाटलं.

ऑक्टोबरात नागपूरच्या वसतिगृहातल्या जागा केव्हाच भरल्या होत्या. लवकर येणारे हलके धान पिवळे पडले होते. सुमन एकटीच परीक्षेला होती. बाहेरून कोणी येणार नव्हतं, तपासणारा मीच. वीज होती. तिने चपला काढल्या, आत गेली, सात मिनिटांत छापील कागद घेऊन बाहेर आली आणि उत्तरपत्रिकेला जोडून माझ्या हातात दिला. नमस्कार केला. सत्यम कसा आहे म्हणून विचारलं. जिवतीकडच्या कुठल्याशा शाळेत ती लागली हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. काय शिकवते ते मी विचारलं नाही.

उत्तरपत्रिका मी घरी येऊन उघडली. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, सुवाच्य अक्षरात ती ओळ होती: अंशांचे रेडियन करा. खाली उत्तर, ०.९९९८, दोन रेघांच्या चौकटीत. मागे एक पिवळट ताव टाचलेला होता. परीक्षेचा दंडक आहे, की कच्चं काम फेकायचं नाही; शेवटी जोडायचं, वर 'कच्चं काम' लिहायचं आणि त्यावर एक तिरकी रेघ ओढायची, म्हणजे तपासणाऱ्याने ते वाचू नये. तावावर सगळ्या पायऱ्या होत्या, घरूनच करून आणलेल्या; सात मिनिटांत त्या होत नाहीत. अर्धा. पाऊण. मग डावीकडे. शेवटी ०.७३९१. आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी लावून ओढलेली रेघ.

मी पाकिटातला कागद शेजारी ठेवून ताडून पाहिला. दहापैकी दहा दिले आणि खाली सही केली.